नेट गेलं की राउटर आपोआप रीस्टार्ट : ‘जर-तर’चा एक पाठ



नेट गेलं की आपण काय करतो? राउटरचं बटण बंद करतो, थोडं थांबतो, पुन्हा चालू करतो. पण फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे, घरी मूल एकटंच आहे आणि राउटर उंच कपाटावर आहे, तर? हे काम यंत्रावर सोपवता येतं. ते कसं सोपवायचं, हाच आजचा पाठ.

रीस्टार्टने काय होतं?
राउटर म्हणजे एक छोटा संगणकच. बरेच दिवस सलग चालल्यावर कधी त्याचं सॉफ्टवेअर अडकतं, कधी मेमरी भरते. वीज बंद करून चालू केली की चालू मेमरी कोरी होते आणि जोडणी नव्याने होते. मध्ये अर्धा मिनिट थांबायचं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज शिल्लक असते.

यंत्राला कसं कळणार?
वर्गात आपण हजेरी घेतो, तशीच संगणक ‘पिंग’ने घेतो. इंटरनेटवरच्या एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे पत्ते यासाठी सोयीचे आहेत.

आता मुलांना नियम लिहायला सांगा. साधारण असे व्हायला हवेत :

१. दर मिनिटाला दोन्ही पत्त्यांना पिंग करा.
२. दोन्हींकडून सलग पाच वेळा उत्तर आलं नाही, तरच राउटरची वीज ३० सेकंद बंद करा.
३. चालू केल्यावर पाच मिनिटं काहीच तपासू नका.
४. तीनदा रीस्टार्ट करूनही नेट आलं नाही, तर थांबा.

प्रत्येक नियमाला “का?” विचारा. एकच पत्ता का नको? कारण बंद तोच असू शकतो. तिसरा नियम विसरलो तर? राउटर अजून सुरू होतोय तोच पुन्हा बंद पडेल, आणि हे असंच चालू राहील. चौथा कशाला? बाहेर फायबरच तुटली असेल, तर घरात कितीही रीस्टार्ट करा, उपयोग नाही. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा दिसला तर कंपनीलाच कळवावं लागतं.

प्रत्यक्षात कसं करायचं?
सर्वात सोपं म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये ठरावीक वेळी रीबूटची सोय असेल, तर पहाटेची वेळ लावून द्या. अर्थात, हा राउटर वेळ पाहतो, नेट पाहत नाही. ओपनडब्ल्यूआरटी चालणाऱ्या राउटरवर ‘वॉचकॅट’ नावाचा प्रोग्रॅम पिंग पाहून रीबूट करतो. रास्पबेरी पाय आणि रिले वापरूनही जमतं. मात्र रिले अॅडाप्टरनंतरच्या कमी व्होल्टच्या वायरवरच लावा. २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही.

स्मार्ट प्लग घेताना एक गंमत लक्षात ठेवा. ‘बंद हो’ हा हुकूम वायफायवरून जातो, राउटर बंद पडतो, मग ‘चालू हो’ हा हुकूम जाणार कुठून? म्हणून पुन्हा चालू होण्याची वेळ प्लगमध्येच साठवलेली हवी.

रीस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे
१९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार आपोआप रीसेट होत होता. त्यामुळे काम पूर्ण ठप्प झालं नाही, पण अभियंते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पृथ्वीवर तसाच बिघाड घडवून पाहिला. कामांच्या प्राधान्यक्रमातला घोळ सापडला आणि दुरुस्ती थेट मंगळावर पाठवली गेली.

आपणही तेच करू या. प्रत्येक रीस्टार्टची तारीख आणि वेळ मुलांना वहीत लिहायला लावा. रोज दुपारीच होतंय? मग राउटर तापतोय का पाहा. पावसातच होतंय? मग बाहेरची वायर तपासायला सांगा. तक्रार करताना “नेट सारखं जातं” यापेक्षा हे पान जास्त कामाला येईल.

मुलांसाठी प्रश्न : घरातलं आणखी कोणतं यंत्र स्वतःवर असं लक्ष ठेवतं? त्याचे नियम लिहा.