कासवाला काय वाढायचं?

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एक नवा पार्टनर आला. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून आणलेलं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, तळहाताएवढं कासव. मेसची पोळी, कुरमुरे, वाढदिवसाचा केक, सगळं त्याला प्रेमाने भरवलं. काही महिन्यांत त्याचे डोळे सुजून बंद झाले, खाणं सुटलं. "तू केळशीचा ना, तुला कासवातलं कळतं," म्हणून केस माझ्याकडे आली.

आता खरं सांगतो. केळशीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. शाळेत असताना वाळूत भरकटलेलं एक पिल्लू मी घरी आणलं आणि विहिरीच्या पाण्याच्या बादलीत सोडलं. वर भाताची शितं! आजोबा ओरडले, "अरे, ते समुद्राचं पोर, त्याला भात कसला घालतोस?" पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो, त्यावर ते सुरुवातीचे दिवस न खाता पोहतं. माझ्या बादलीत ती बॅटरी दिवसभर फुकट जळत होती. संध्याकाळी ओल्या वाळूवर ठेवलं, तेव्हा ते फार हळू पाण्याकडे गेलं. ते अजून डोळ्यासमोर आहे.

मराठीत आपण सगळ्यांना 'कासव'च म्हणतो, गडबड तिथेच होते. समुद्री कासव खेकडे, कोळंबी, जेलीफिश खातं आणि खारं पाणीच पितं. जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. त्याचे 'अश्रू' म्हणजे चालताफिरता डिसॅलिनेशन प्लांट. जमिनीवरचं तारा कासव शाकाहारी: गवत, पानं, फुलं. त्याला खोल पाण्यात टाकलं तर बुडेल, पण पाणी मिळालं नाही तर युरिक अ‍ॅसिडचे खडे होतात. म्हणून उथळ ताटलीत पाणी हवंच. अर्थात, तारा कासव किंवा आपल्याकडचं कुठलंही रानातलं कासव घरी आणायचंच नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर तारा कासव पहिल्या अनुसूचीत आहे.

आमचा पार्टनर तिसऱ्या जातीचा, गोड्या पाण्यातला, मूळ अमेरिकेचा. याला पोहण्याइतकं पाणी लागतं, कारण घास तो पाण्यातच गिळतो. आम्ही त्याला दोन बोटं पाण्यात ठेवून फरशीवर जेवायला बसवत होतो! डॉक्टरांनी निदान केलं, अ जीवनसत्त्वाची कमतरता. औषध त्यांनीच दिलं. मेडिकलमधून थेंब आणून स्वतः घालू नका, डोस जास्त झाला तर कातडी सोलवटते.

पोळी, ब्रेड, दूध बंद. लहानपणी याला मांसाहार जास्त लागतो, वाढेल तसा पाला. आता सुकी कोळंबी, गांडूळ, कासवाचं तयार खाद्य, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. कॅल्शियमसाठी मी सुट्टीत केळशीच्या वाळूतून समुद्रफेस आणला, म्हणजे माकुलाच्या आतलं पांढरं कवच. धुऊन, वाळवून टबात टाकला, पठ्ठ्या कुरतडतो. पण उन्हाशिवाय हे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून टबात एक वीट आणि टब गॅलरीत, अर्धा सावलीत. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच भरतो. टब बेसिनमध्ये धुवायचा नाही आणि हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला कासवावरूनही येतो.

कंटाळा आला म्हणून त्याला नदीत सोडायची आयडिया एकाने काढली होती. ते परकं कासव आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं, म्हणून तो बेत रद्द झाला. तिसऱ्या आठवड्यात एक डोळा उघडला, मग दुसरा. मेसचे काका आता गाजर किसून बाजूला ठेवतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला घरी कोण नेणार, यावर मात्र विंगमध्ये रोज भांडण चालू आहे.