दुसरा पिंजरा

काल रात्री साडेअकराला तुझा फोन वाजला तेव्हा मला वाटलं, माझ्या दादाला काही झालं. मग तुझ्या आवाजामागून ती बारीक चिरकी किंचाळी ऐकू आली आणि मी ओळखलं की मारामारी तुझ्या त्या दोन चिमुकल्या हॅमस्टरची आहे. घाईघाईत सांगायचं तेवढं सांगितलं: हात घालू नको, पुठ्ठा सरकव, एकाला बाहेर काढ. आता सकाळचा चहा झालाय, तर नीट लिहून पाठवते. चार दिवसांनी तू मला विचारणार आहेस, "आत्या, आता दोघांना परत एकत्र ठेवू का?" त्याचं उत्तर आधीच सांगते. नको.

का नको, ते ऐक.

दुकानदाराने तुला "जोडी" दिली. आपल्याकडे पोपट जोडीने, लव्हबर्ड जोडीने, मासेही जोडीनेच देतात. त्यामुळे एकटं आणलं की आपल्यालाच अपराधी वाटतं. पण हॅमस्टरचं गणित वेगळं. मोठे, सोनेरी असतात ना, सीरियन म्हणतात ते, ते तर वयात आले की एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. १९३० साली अलेप्पोजवळच्या शेतातून अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी पिल्लांसकट बिळातून खणून काढली. पेटीत घालताच त्या आईने स्वतःचंच एक पिल्लू मारलं. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सीरियन त्या एकाच वेताचे वंशज आहेत. त्यांना एकत्र ठेवायचा विचारही करायचा नसतो.

तुझे आहेत ते बुटके, ड्वार्फ. त्यातही प्रकार आहेत. कॅम्पबेल, हिवाळ्यात पांढरा पडणारा झुंगारियन, आणि सगळ्यात इवलासा, लांब मिशांचा रोबोरोव्हस्की. दुकानात पहिल्या दोघांना सरसकट "रशियन ड्वार्फ" म्हणतात आणि पुष्कळदा ते दोन्हींचे संकरच असतात. तुझ्या फोटोत पाठीवर काळी रेघ आणि बाजूला पिवळट छटा दिसते, म्हणून मी कॅम्पबेल किंवा संकर धरते. या बुटक्यांच्या बाबतीत "एकत्र राहतात" हे खोटं नाही, अर्धं खरं आहे. एका वेताची भावंडं लहानपणापासून कधी वेगळी न करता वाढवली तर काही जोड्या आयुष्यभर एका घरट्यात झोपतात. काही सहा महिन्यांनी एका रात्रीत फुटतात. आधी काहीच चिन्ह नसतं. वयात आलेले दोन अनोळखी एकत्र आणून "ओळख करून देणं" मात्र मी कुणालाच सुचवणार नाही, मग मध्ये जाळी लावून महिनाभर वास देऊन बघा असं कुणी कितीही सांगो.

कॅम्पबेल मूळचा मंगोलियाच्या माळरानाचा. १९०२ मध्ये कॅम्पबेल नावाच्या गृहस्थांनी तिथून आणला, १९०५ मध्ये लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमसने त्याचं वर्णन छापलं. त्या माळावर दोघांचं बिनसलं की हरलेला पळतो. चार-दोन मिनिटांत तो दुसऱ्याच्या नाकाच्या टप्प्याबाहेर जातो आणि भांडण तिथेच संपतं. तुझ्या पिंजऱ्यात तो पळतो, काचेला आपटतो, वळतो, आणि समोर तोच दुसरा उभा. काल रात्री तू जे पाहिलंस ते एवढंच. तुझे हॅमस्टर दुष्ट नाहीत. त्यांना जायला वाट नव्हती.

आता साधी कुरबुर कुठली आणि खरी मारामारी कुठली, हे ओळखायला शीक, म्हणजे पुढे कधी उगाच घाबरणार नाहीस. दोन पायांवर उभे राहून हातांनी ढकलणं, एक-दोनदा चीं चीं, एकाने उताणं पडून पोट दाखवणं आणि दुसऱ्याने हुंगून निघून जाणं, हे चालतं. घरात दोन माणसं राहतात तेव्हा बाथरूमवरून होतं तेवढंच. काळजीचं कधी, तर उताण्या पडलेल्यालाही दुसरा सोडत नाही तेव्हा. एक सारखा पाठीस लागतो, दुसरा पाणी प्यायला यायलाही बिचकतो तेव्हा. आणि दोघे एकमेकांना धरून चेंडूसारखे गरगर लोळतात तेव्हा तर क्षणभरही थांबायचं नाही.

पण याहून वाईट असतो तो आवाज न करणारा सासुरवास. मारामारी नाही, रक्त नाही, फक्त एक जण घरट्यात झोपतो आणि दुसरा कोपऱ्यात चाकाखाली. एक गुबगुबीत होत जातो, दुसरा खंगतो. हे डोळ्यांना उशिरा कळतं, म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरायचे. दर रविवारी दोघांना एकेक करून वाटीत बसवायचं आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. कॅम्पबेलसारखा बुटका हॅमस्टर साधारण ३० ते ५० ग्रॅमचा. त्यातले दोन-तीन ग्रॅम दोन आठवड्यांत गेले तर ती साधी बाब नव्हे. आणखी एक, शेपटीच्या मुळाशी, कानांच्या कडांना आणि पोटाखाली फुंकर मारून केस बाजूला करून बघत जा. पळणाऱ्याला चावे मागून बसतात.

सोडवायचं कसं, ते काल अर्धवट सांगितलं. हात कधीही मध्ये घालायचा नाही. त्या क्षणी त्याला बोट आणि शत्रू यातला फरक कळत नाही, आणि चावलं की आपण झटका देतो, तो खाली फेकला जातो. पुठ्ठा, ताटली, सुपलीचा सपाट तुकडा, जे हाताशी असेल ते दोघांच्या मध्ये सरकवायचं. एकमेकांना चिकटलेच असतील तर वरून जाडसर टॉवेल टाकायचा, अंधार झाला की पकड सैल होते. मग स्टीलचा पेला आडवा धरून एकाला त्यात शिरू द्यायचं आणि लगेच दुसऱ्या डब्यात. वर पाणी मारायचं नाही. एवढासा जीव ओला झाला की गारठतो, मग भांडणापेक्षा गारठाच जड जातो.

जखम दिसली तर मेडिकलमधून सलाइनची छोटी बाटली आण आणि त्याने पूस. हळद दाबू नको, डेटॉल लावू नको, तो चाटतो. खाली घालायला कापूस नको, त्याचे धागे पायात अडकतात, साधा टिश्यू पेपर फाडून घाल. चाव्याची जखम वरून मिटते आणि आत पू धरतो, म्हणून दोन-तीन दिवस गाठ येते का बघत राहा आणि हॅमस्टर-ससे पाहणारा व्हेट गाठ, नुसता कुत्र्या-मांजरांचा नव्हे. एक गोष्ट फार महत्त्वाची. घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी चिरडून देऊ नको. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं हॅमस्टरच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा नाश करतात आणि जखमेतून वाचलेला जीव जुलाबाने जातो.

आता माझं सांगते. तुला माझे हॅमस्टर बुंदी आणि राजगिरा आठवतात? माझा मुलगा, तुझा दादूदादा, शिकायला बाहेर गेला तेव्हा माझ्या गळ्यात घालून गेला होता. एका वेताचे भाऊ, आठ महिने गुण्यागोविंदाने राहिले. मग एका श्रावणात मी पिंजरा अगदी लख्ख धुतला, सगळा भुसा बदलला, साबणाचा वासही जाईना. त्या रात्री भांडले. राजगिऱ्याच्या कानाचा तुकडा गेला. वेगळे केले. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, दोघे आपापल्या डब्याच्या काचेशी नाक लावून बसलेले दिसायचे, मला वाटायचं एकमेकांची आठवण काढतात. घातले परत एकत्र. पाच मिनिटं हुंगाहुंगी झाली, मी खूश, झोपायला गेले. सकाळी राजगिरा एका कोपऱ्यात होता. पोटाखालचा चावा दिसलाच नाही मला, दोन दिवसांनी गेला.

काचेशी नाक लावून बसणं म्हणजे आठवण नव्हे, ते मला नंतर कळलं. तो शत्रूचा वास घेत असतो. म्हणूनच आता दोन पिंजरे शेजारी-शेजारी, काचेला काच लावून ठेवू नकोस. एक हॉलमध्ये, एक तुझ्या खोलीत. एकाला हाताळून झालं की हात धुऊन मगच दुसऱ्याला घे. एकाचा भुसा, एकाचं चाक दुसऱ्याकडे नको. आणि सगळा पिंजरा कधीही एका दिवसात धुऊ नको. त्यांच्या पोटावर वासाची ग्रंथी असते, तो वासच त्यांच्या घराची पाटी. घाण झालेला कोपरा काढायचा, जुन्यातलं मूठभर ठेवायचं, नवं मिसळायचं.

एक शंका मला काल रात्रीपासून सतावतेय. दुकानदाराने दोन्ही "मादी" सांगून दिल्यात ना? बघून घे. उताणं न करता, पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघ. नरात शेपटीखालच्या दोन छिद्रांत अंतर जास्त असतं, मादीत ती जवळजवळ असतात. नर-मादी निघाले असतील तर अठरा ते एकवीस दिवसांत तुझ्याकडे चार-सहा गुलाबी शेंगदाणे येतील. या कॅम्पबेलच्या नराबद्दल एक नवल वाचलं होतं. कॅनडातल्या कॅथरीन विन-एडवर्ड्स या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की हा बाप बाळंतपणात सुईण होतो, पिल्लांना ओढून बाहेर काढतो, चाटून स्वच्छ करतो. मी ते तुझ्या काकांना वाचून दाखवलं, त्यांनी पेपर वर धरला. पण यावरून "बाप जवळ राहू दे" असं ठरवू नकोस. पिल्लं झाली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते, आणि गाभण मादी जवळ आलेल्या कुणालाही फाडू शकते. पिल्लं झालीच तर चार आठवड्यांच्या आत नर वेगळे, माद्या वेगळ्या. तेवढ्या वयात ती स्वतःच पिल्लं घालायच्या बेताला येतात.

पुढे कधी तुला एका वेताची, एका लिंगाची भावंडं ठेवायचीच असली तर सगळं दोन-दोन. दोन चाकं, दोन पाण्याच्या बाटल्या, दोन घरटी. चाक घन पृष्ठभागाचं, वीस सेंटीमीटर व्यासाचं तरी. घरट्याला दोन दारं हवीत, एका दाराचं घर म्हणजे सापळा. म्हणूनच त्या रंगीत प्लॅस्टिकच्या नळ्या मला आवडत नाहीत, त्यात हरलेला कोंडला जाऊ शकतो. एका हॅमस्टरला शक्यतो १०० बाय ५० सेंटीमीटरची जमीन द्यावी, दोघांना त्याहून जास्त, माळे चढवून ती भरून निघत नाही. खायला वाटीत देऊ नको, भुशावर विखरून दे. वाटीवर एकजण राखण करत बसतो, विखुरलेल्या राळ्या-बाजरीवर कुणाला मालकी सांगता येत नाही. आणि कॅम्पबेलला मधुमेह लवकर होतो, केळं-द्राक्षं लाडाने देऊ नको.

भुसा सुताराकडून आणू नको, प्लायवूडचा डिंक आणि धूळ दोन्ही असतात. कागदाचं बेडिंग मिळतं ते आण, वीतभर खोल घाल. बिळं खणायला मिळाली की निम्मा राग तिथेच जिरतो. मे महिन्यात तापमान तिशीच्या वर गेलं की तेही चिडतात, तेव्हा फरशीचा तुकडा माठाशेजारी गार करून आत ठेव. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

आणि "एकटा पडेल बिचारा" हे मनातून काढून टाक. एकटेपणा हा आपला रोग आहे, त्यांचा नव्हे. तुला रूममेट नको झाली होती तेव्हा तू घर बदललंस, त्यांच्याकडे भाड्याचं घर नाही एवढंच.

माळ्यावर माझी जुनी फिशटँक आहे, तीन फुटी, सांगितल्या मापाहून थोडी कमीच, एका कोपऱ्याला भेग आहे पण पाणी भरायचं नाही म्हणून चालेल. वर घालायची बारीक जाळी काका शनिवारी फ्रेममध्ये ठोकून देतील. भोकं सहा मिलिमीटरची आहेत, त्यातून निसटणार नाही. रविवारी येताना रिक्षा करून ये, बसमध्ये ती मांडीवर मावणार नाही. आणि तोवर जो डब्यात आहे त्याला पाणी आहे ना, बघ.