खुब्यातली ‘खट्ट’ : हाड सरकलेले नसते



पिशोरच्या वस्तीत वंदना आटोपली तशी एक आई आमच्याजवळ येऊन बसली. तिची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे डांबरी रस्त्यावर पळते. “ताई, पोरीच्या खुब्यात खट्ट वाजतं. हाड सरकलं म्हणतात सगळे. तिचं पळणं बंद करू का?” भरतीत मुलींना 800 मीटर पळावे लागते. पळणे बंद म्हणजे भरतीही गेली. म्हणून हा विषय आज सगळ्यांसाठी मांडतो.

आवाज येतो कुठून?

मांडीच्या बाहेरून एक रुंद पट्टा गुडघ्याखालपर्यंत जातो. खुब्याच्या बाजूला हाताला लागणारे जे उंच हाड आहे, त्यावरून हा ताठलेला पट्टा पुढे-मागे सरकतो आणि खट्ट होते. हात ठेवला तर ते जाणवते, कधी डोळ्यांनाही दिसते. बघणाऱ्याला वाटते हाडच सरकले. सरकतो तो पट्टा.

आवाज जांघेत येत असेल तर पाय वर उचलणाऱ्या स्नायूची दोरी पुढच्या हाडावरून घसरते. मांडी घालून बसलेले उठताना किंवा वाकवलेला पाय सरळ करताना हे होते. तिसरा प्रकार सांध्याच्या आतला. त्यात सांधा अडकतो, दुखतो. त्याला डॉक्टरच हवा.

पहिल्या दोन प्रकारांत दुखत नसेल तर घाबरायचे कारण नाही. दुखत असेल तर 2 आठवडे पळणे व उड्या थांबवा, सपाट जागेवर चाला. दुखऱ्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे धरा. दणकून चोळू नका, हाड ‘बसवून’ घेऊ नका.

रोजचे व्यायाम

1. बाहेरच्या आवाजासाठी : भिंतीला हात लावून उभे राहा. दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या मागून पलीकडे न्या आणि कंबर चांगल्या बाजूला वाकवा. 30 सेकंद, 3 वेळा.

2. जांघेतल्या आवाजासाठी : घडी घातलेल्या गोधडीवर दुखऱ्या बाजूचा गुडघा टेका, दुसरे पाऊल पुढे. पाठ ताठ ठेवून कंबर हळू पुढे न्या. 30 सेकंद, 3 वेळा.

3. उताणे झोपा, गुडघे वाकवा, कंबर वर उचला. 5 सेकंद धरा. 10 वेळा.

4. चांगल्या कुशीवर झोपा. वरचा पाय सरळ ठेवून हळू उचला, हळू खाली आणा. 10 वेळा.

ताण जाणवला तर चालेल, कळ आली तर थांबा. आवाज मुद्दाम काढून बघू नका. फरक पडायला 6 ते 8 आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका. कापूस वेचताना, निंदताना अधूनमधून उभे राहून कंबर मोकळी करा.

दवाखाना कधी?

पडल्यावर पाय टेकवत नसेल, ताप असेल, रात्री झोप मोडण्याइतके दुखत असेल, सांधा अडकत असेल, लेकरू लंगडत असेल किंवा घरात सिकलसेल असेल, तर व्यायाम करत बसू नका. कन्नडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथून गरज पडली तर घाटीत हाडांच्या डॉक्टरांकडे जा. अनोळखी पुड्या घेऊ नका. त्यांत स्टेरॉइड असले तर तेच पुढे खुब्याचे हाड खराब करू शकते. दारूनेही तेच होते.

त्या मुलीचा आवाज बाहेरच्या बाजूचा निघाला. 2 आठवडे ती नुसती चालली आणि व्यायाम केले. मग डांबर सोडून मातीच्या मैदानावर थोडे थोडे पळू लागली. आवाज अजून कधीमधी येतो, दुखणे मात्र गेले. आई आता पहाटे तिला स्वतः उठवते.

येत्या रविवारी वंदनेनंतर हे चारही व्यायाम विहारात करून दाखवू. गोधडी घेऊन या, सासूबाईंनाही आणा.