वेरूळचे कैलास लेणे : शिखरापासून पायापर्यंत

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून (औरंगाबाद) वेरूळ अवघे तीस किलोमीटर. सकाळच्या एस.टी.ने निघावे, वाटेत दौलताबादचा किल्ला आणि खुलताबाद मागे टाकावे आणि संध्याकाळी घरी परतावे, इतकी ही सहल सोपी. म्हणूनच की काय, आपल्यापैकी अनेकांचे वेरूळ ‘पाहून झालेले’ असते. घृष्णेश्वराचे दर्शन, कैलासासमोर एक फोटो आणि परतीची गाडी! विद्यार्थिमित्रांनो, या अपूर्व शिल्पाकडे निराळ्या क्रमाने कसे पाहता येईल, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वेरूळच्या डोंगरात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. १९८३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. यातील सोळावे लेणे म्हणजे कैलास. त्याला लेणे म्हणायचे ते सवयीने. इतर लेणी डोंगराच्या पोटात शिरतात, कैलास मात्र आभाळाखाली उघडे उभे आहे. ते एक प्रचंड शिल्पच आहे असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

परीक्षेत प्रश्न येतो, ‘कैलास लेणे कोणी बांधले?’ आपण उत्तर लिहितो, ‘राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (सुमारे इ.स. ७५६ ते ७७३).’ वास्तविक या प्रश्नातले ‘बांधले’ हे क्रियापदच तपासून पाहण्यासारखे आहे. बांधकामात पाया आधी आणि कळस शेवटी. इथे सारेच उलटे. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनी खोल चर खोदून मधे एक अखंड शिळा मोकळी केली आणि मग तिच्यातून वरून खाली देऊळ कोरत आणले. म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. हे अंगण सुमारे ८२ मीटर लांब व ४६ मीटर रुंद असून मागचा कडा तीसेक मीटर उंच आहे. येथून दोन लाख टन दगड काढला असावा असा एक अंदाज आहे. तेव्हा कैलासात काही ‘घातलेले’ नाही, जे आहे ते ‘काढून’ उरलेले आहे.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. सौदी अरेबियाच्या वाळवंटात हेग्रा येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोकांनी कड्यांत कबरी कोरल्या. त्यांतली कस्र अल-फरीद ही एकट्या उभ्या खडकातली कबर अर्धवट राहिली आहे. तिचा वरचा भाग रेखीव आहे आणि खालचा खडबडीत. काम वरून सुरू झाले होते, हे त्या अपुऱ्या कबरीवरूनच कळते. वेरूळलाही तीस क्रमांकाचे जैन लेणे, ज्याला ‘छोटा कैलास’ म्हणतात, अपुरे राहिले आहे. पुरे झालेले काम डोळे दिपवते, पण ते कसे झाले हे शिकवते अपुरे काम.

माझे वडील पाथरवट आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. कैलासाविषयी वर्गात ऐकलेले मी त्यांना सांगितले, तेव्हा राजाच्या नावाकडे त्यांचे लक्ष गेले नाही. त्यांनी विचारले, “येवढा दगड खाली पाडायचा म्हणजे रोज किती टाक्या बोथट होत असतील? त्यांना धार लावायला लोहार किती बसले असतील?” मग थोडे थांबून म्हणाले, “एकदा टवका उडाला की उडाला. त्याला मागं बोलवता येत नाही.” वर्गातल्या टिपणात हा मुद्दा नव्हता. विटेचे बांधकाम चुकले तर उतरवून पुन्हा चढवता येते. इथे मात्र शिखरावर पहिली टाकी पडण्याआधी खालच्या नंदीमंडपाची, पुलाची, पायाशी उभ्या हत्तींची जागा कोणाच्या तरी मनात पक्की असलीच पाहिजे. आणखी एक गोष्ट वडिलांमुळे ध्यानात आली. वरचा भाग कोरताना पायाखालचा न फोडलेला खडक हीच कारागिरांची परांची होती.

मग प्रश्न उरतो, हे लोक कोण? इ.स. ८१२-१३ च्या कर्कराजाच्या बडोदा ताम्रपटात कृष्णराजाच्या या देवालयाची स्तुती आहे. देव तर विस्मित झालेच, पण घडवणारा शिल्पीदेखील ‘हे माझ्या हातून झाले कसे?’ म्हणून थक्क झाला, अशा आशयाचे वर्णन त्यात येते. शिल्प्याचे आश्चर्य नोंदले गेले, त्याचे नाव मात्र नाही.

ते नाव, खरे असो वा कल्पित, जपले मराठी कथेने. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एक आख्यायिका आहे. राजाच्या दुखण्यातून उतार पडावा म्हणून राणीने देवालयाचा नवस केला आणि शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत धरले. कोणालाच उपाय सुचेना. शेवटी पैठणच्या कोकास नावाच्या शिल्प्याने वरूनच काम सुरू केले आणि थोड्याच दिवसांत राणीला शिखर दाखवले. ही कथा इतिहास नव्हे, हे खरे. तरीही शिखर आधी झाले ही आठवण लोकांनी राणीच्या उपवासाच्या रूपाने सांभाळली, असे मला वाटते. कामाचा कालावधी हा विद्वानांचा विषय आहे. काहींच्या मते ते अनेक राजांच्या काळात चालले, तर म. के. ढवळीकर यांच्या मते मुख्य भाग कृष्णाच्याच कारकिर्दीतला.

आता सहलीचा क्रम. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा. आल्याबरोबर दारातून आत न जाता आधी बाजूच्या वाटेने डोंगरावर चढावे आणि कड्यापासून सुरक्षित अंतर ठेवून खाली पाहावे. मंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह अंगणातून दिसत नाहीत. जिथून काम सुरू झाले, तिथूनच आपले पाहणेही सुरू व्हावे. मग खाली उतरून उजव्या, म्हणजे दक्षिण अंगाला रामायणाचा पट आणि कैलास हलवणारा रावण पाहावा. डाव्या अंगाला महाभारताचा पट आहे. कुठे कुठे गिलावा व रंग उरला आहे. यावरूनच या लेण्याला ‘रंगमहाल’ म्हणत. लेण्यांची तोंडे पश्चिमेला असल्याने उजेड दुपारनंतर चांगला येतो. चराच्या उभ्या भिंतींवर टाकीच्या खुणा दिसतात. मूर्तींइतकाच वेळ त्यांनाही द्यावा. शेवटी छोटा कैलास पाहिल्याशिवाय परतू नये.

दहाव्या लेण्याला आपल्याकडचे लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. राजाचे नव्हे, कारागिराचे घर म्हणून ओळखणारी ही लोकांची भाषा मला फार मोलाची वाटते. परीक्षेत कृष्णराजाचे नाव लिहावेच लागेल आणि ते बरोबरच आहे. पण वेरूळला गेल्यावर त्या उभ्या कड्यापुढे क्षणभर उभे राहून टाकीची एखादी रेघ वरपासून खालपर्यंत डोळ्यांनी वाचावी. ज्यांची नावे ताम्रपटात नाहीत, त्यांचे हस्ताक्षर तिथे आहे.