क्रीडामहोत्सव आणि विकासाची भागीदारी : बीडच्या संदर्भात एक विचार

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पदकतालिका उभी राहते. कोणी किती सुवर्णपदके मिळविली, आपला देश कितवा आला, एवढ्यावर आपली चर्चा संपते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत या महोत्सवांना आणखी एक काम जोडले गेले आहे. स्पर्धेच्या निमित्ताने श्रीमंत राष्ट्रे, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था, क्रीडासंघटना आणि विकसनशील देशांतील सरकारे व स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र यावे आणि आरोग्य, शिक्षण, मुलींचा सहभाग यांसाठी झटावे, असे ते काम. ही भागीदारी खेड्यापर्यंत पोचते काय, आणि पोचावयाची तर त्यासाठी काय लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कल्पनेचा उगम

२००१ साली संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी स्वित्झर्लंडचे माजी अध्यक्ष अडॉल्फ ओगी यांना ‘विकास व शांततेसाठी क्रीडा’ या विषयाचे विशेष सल्लागार नेमले. २००३ मध्ये आमसभेने या विषयावर ठराव केला आणि २००५ हे क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. १८९६ साली अथेन्स येथे पहिल्या आधुनिक ऑलिंपिकचे उद्घाटन ६ एप्रिल रोजी झाले होते. २०१४ पासून तोच दिवस या विषयासाठी जगभर पाळला जातो.

यासाठी क्रीडामहोत्सवच का निवडावा? त्याची कारणे तीन. पहिले, एरवी विखुरलेले लोकांचे लक्ष त्या काळात एके ठिकाणी येते. दुसरे, त्या लक्षामागोमाग पैसा येतो. तिसरे आणि महत्त्वाचे, महोत्सवाला तारीख असते. ‘पुढे कधीतरी करू’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

लंडनचे वचन

२००५ साली सिंगापूर येथे २०१२ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागताना लंडनने जगातील मुलांपर्यंत खेळ पोचविण्याचे वचन दिले. त्यातून ‘इंटरनॅशनल इन्स्पिरेशन’ हा कार्यक्रम उभा राहिला. वीस देशांतील १ कोटी २० लाख मुलांपर्यंत जावयाचे, असे त्याचे उद्दिष्ट होते. यूके स्पोर्ट, युनिसेफ आणि ब्रिटिश कौन्सिल त्यात भागीदार होते. प्रारंभीच्या पाच देशांत ब्राझील, झांबिया, अझरबैजान, पलाऊ यांच्यासोबत भारतही होता.

भारतात या कार्यक्रमाने निराळी चूल मांडली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. केंद्र सरकारने २००८ साली ‘पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान’ सुरू केले होते. दहा वर्षांत सर्व ग्रामपंचायतींत खेळाची सोय करावी आणि गावोगावी ‘क्रीडाश्री’ नावाचा स्वयंसेवक असावा, अशी ती योजना. परदेशी सहकार्य या देशी योजनेला जोडले गेले. १९९९ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘मॅजिक बस’ या संस्थेचाही त्यात सहभाग होता. मुलामुलींना एकत्र खेळवावे आणि खेळाच्या ओघातच आरोग्याचा व समानतेचा धडा द्यावा, ही या संस्थेची पद्धत. ज्ञान व पैसा बाहेरचा, चौकट सरकारची आणि मुलांपर्यंत जाणारा माणूस इथला, अशी ही कामाची वाटणी होती.

पुढे मात्र योजनांची नावे बदलत गेली. २०१४ मध्ये हे अभियान ‘राजीव गांधी खेल अभियान’ झाले आणि त्यानंतर ‘खेलो इंडिया’त विलीन झाले. योजना बदलली की गावच्या स्वयंसेवकाचा आधार जातो. भागीदारीतील सर्वांत कच्चा दुवा हाच होय.

दोन महाराष्ट्रीय उदाहरणे

२०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. नवी मुंबई हे तिच्या सहा केंद्रांपैकी एक होते. त्यानिमित्त देशातील १ कोटी १० लाख मुलांपर्यंत फुटबॉल नेण्याची मोहीम निघाली. महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०१७ या एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरले आणि शाळाशाळांतून चेंडू पोचले. उत्साह मोठा होता, यात शंका नाही. तथापि शिकविणारा शिक्षक आणि खेळण्याची मोकळी जागा एका दिवसात निर्माण होत नाही. ती नसेल तर चेंडू कपाटात जातो.

नागपूरचे उदाहरण याच्या उलट क्रमाचे आहे. तेथील हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. समोर विश्वचषक नव्हता की परदेशी निधी नव्हता. या ‘झोपडपट्टी फुटबॉल’मधून ‘स्लम सॉकर’ ही संस्था वाढली. नंतर तिचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकाला गेले, परदेशी संस्थांशी संबंध जुळले आणि २०१६ चा ‘फिफा’चा विविधता पुरस्कार तिला मिळाला. येथे काम आधी उभे राहिले आणि भागीदार मागाहून आले. म्हणूनच ते टिकले, असे म्हणावे लागते.

बीड जिल्ह्याचा प्रश्न

आता आपल्या अंगणात येऊ. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जात असे. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला आणि धावपटू घडला तो तेथेच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. तरीही १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी त्याच्या रौप्यपदकाने मोडली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण ज्याला सैन्याचे दार उघडले नाही, अशा मांडव्यातील दुसऱ्या मुलाचे काय, आणि मुलीचे काय?

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. अनेक मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळांचे हिवाळी क्रीडामहोत्सव होतात ते नेमके याच काळात. म्हणजे खेळाची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, तीच मुले मैदानावर नसतात. दिल्लीत किंवा लंडनमध्ये आखलेल्या योजनेला ही गोष्ट दिसणार नाही. ती सांगावयाची तर आपणच सांगितली पाहिजे. पावसाळ्यात, मुले गावी असताना खेळाचे वर्ग घ्यावेत, फडावरच्या कोप्यांजवळ खेळ न्यावा, वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना मैदान मिळावे, अशा मागण्या येथूनच निघू शकतात.

२०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. त्यानिमित्त पुन्हा करार होतील, निधी येईल, मोहिमा निघतील. त्या वेळी आपण फक्त टाळ्या वाजवावयाच्या की हात पुढे करावयाचा, हे आताच ठरवावे लागेल. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून पैसे उभे केले होते. त्यांनी कोणा भागीदाराची वाट पाहिली नाही.

एवढा त्याग प्रत्येकाला जमेल असे नाही. पण महाविद्यालयाचे मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी आसपासच्या मुलांसाठी खुले ठेवणे, राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी एका गावाची जबाबदारी तीन वर्षे सलग घेणे आणि त्याची नोंद ठेवणे, हे आपल्या आवाक्यातले आहे. मदत देणारा नेहमी विचारतो, ‘तुमच्याकडे काय चालू आहे?’ या प्रश्नाला उत्तर असेल, तरच महोत्सवाची गंगा आपल्या दारापर्यंत येईल.