पुन्हा पुन्हा शिकणारे स्वयंपाकी

टोरांटो हे कॅनडातील एक मोठे शहर आहे. तेथे जगभरचे लोक राहतात. त्यामुळे तेथील उपाहारगृहांत देशोदेशींचे पदार्थ मिळतात.

पण अन्न नुसते चवदार असून भागत नाही. ४ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पुष्कळदा अन्नाची चवही बदलत नाही. पण खाणारा आजारी पडतो. म्हणून थंड पदार्थ थंडच आणि गरम पदार्थ गरमच ठेवावे लागतात. कच्चे मांस वेगळे ठेवावे लागते. हात साबणाने स्वच्छ धुवावे लागतात.

हे सारे तेथे रीतसर शिकवतात. उपाहारगृह चालू असताना असे शिक्षण घेतलेली एक तरी व्यक्ती तेथे हवीच, असा नियम आहे. शिक्षणानंतर परीक्षा होते आणि प्रमाणपत्र मिळते. त्याची मुदत पाच वर्षे असते. मग पुन्हा परीक्षा! वीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्यालाही ती चुकत नाही.

जेवणाऱ्याला स्वयंपाकघर दिसत नाही. तो विश्वासाने घास घेतो. तो विश्वास जपण्यासाठी ही माणसे पुन्हा पुन्हा शिकतात.