लग्नसराईच्या आधी तुझी माणसं जोड

अगं, परतूरला वाढायला बाया मिळत नाहीत म्हणून तू रडकुंडीला आलीस ना? ऑर्डर घेतलेली, आचारी ठरलेला, किराणा भरलेला, आणि आदल्या रात्री फोनवर फोन: "ताई, उद्या नाही जमायचं." अशा वेळी पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. पण खरं सांगू का, बाया मिळतात. फक्त तू बोलावतेस त्या दिवशी त्यांच्या वावरात काय चालू आहे, हे आधी बघायला हवं.

बघ, तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी जोरात असते. वेचणीला पैसे किलोवर मिळतात, सोबतीला रोजच्या ओळखीच्या बाया असतात आणि दिवस मावळायच्या आत घरी जाता येतं. ते सोडून रात्री उशिरापर्यंत खरकटी ताटं उचलायला कुणी का यावं? शिवाय ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळा लागल्याशिवाय गावात परतत नाहीत. मग मार्गशीर्षातल्या लग्नांना खेड्यातल्या बायांवर भिस्त ठेवूच नकोस. तेव्हा परतूर शहरातल्या, ज्यांना शेती नाही अशा बाया आणि कॉलेजातल्या मुली धर. मुलींच्या परीक्षा कधी आहेत तेवढं मात्र आधीच विचार, फेब्रुवारी-मार्चात बारावीच्या मुलीला बोलावू नकोस. एप्रिल-मे उजाडला की वावरं मोकळी होतात, आणि मग आष्टी, वाटूरकडच्या बाया स्वतःहून विचारत येतील. वर्षाला एकच यादी पुरत नाही गं, दोन ठेव.

आता माणूस पारखायचं कसं? नुसतं "कामाला चांगली आहे" या शब्दावर जाऊ नकोस. आपल्याकडे गावोगाव उमेद अभियानाचे बचत गट आहेत, एका गटात साधारण दहा ते वीस बाया. त्यांची पंचसूत्री तुला माहीत असेलच: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. गटाच्या अध्यक्ष-सचिवांना जाऊन भेट आणि सरळ विचार, बैठकीला वेळेवर कोण येतं, हप्ता कुणाचा चुकत नाही? जी बाई दर आठवड्याला बैठकीला हजर असते ती तुझ्या कामालाही हजर राहील. एवढी खात्रीची शिफारस दुसरीकडे कुठं मिळायची? आणि गटातून बाई आली की तिच्या मागं गट उभा असतो, अडचण आली तर बदली बाई गटच देतो.

दुसरी जागा म्हणजे हरिनाम सप्ताह. काल्याच्या दिवशी पंगती बसतात तेव्हा जरा बाजूला उभी राहून बघ. कुणी बादली घेऊन नुसता पळतो, कुणी शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत न चुकता जातो. जो शेवटापर्यंत जातो त्याचं नाव लिहून घे, मग तो पोरगा असो की बाई.

शिकवायचं कधी, तर चातुर्मासात. तेव्हा लग्नं नसतात, पण गणपतीचा महाप्रसाद, पोथीची समाप्ती, बारसं, अशी लहान जेवणं चालू असतात. पन्नास-साठ पानांच्या जेवणात नव्या बाईचा हात बसतो, कुणाचं काही बिघडत नाही.

पहिला धडा पाण्याचा दे. बादली पाऊण नव्हे, अर्धीच भरायची. डाव्या हातात बादली, उजव्या हातात वगराळं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. अंगणात चार ताटं आणि वाट्या मांड आणि पाणीच वरण समजून वाढायला लाव. वगराळं बादलीच्या काठाला निथळून मगच वाटीवर न्यायचं, म्हणजे मांडीवर थेंब पडत नाही. हे जमलं की ओळीचा क्रम शिकव: आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भाजी, मग वरण-भात, आणि वरणाच्या पाठोपाठ तूप. तूपवाली मागं राहिली तर अख्खी ओळ हात आखडून बसते, म्हणून तुपाला तुझी सगळ्यात चपळ बाई दे. एका ओळीत एकीकडं एकच काम ठेव. "सगळ्यांनी सगळं बघा" म्हटलं की कुणीच काही बघत नाही. बुफे असेल तर प्रत्येक टेबलामागं नाव ठरवून माणूस उभा कर आणि भांडं तळाला जायच्या आधी स्वयंपाकघराकडं निरोप गेला पाहिजे, एवढं घोकून घे.

नखं कापलेली, केस बांधलेले, हे तू सांगशीलच. पण जिला जुलाब, ताप, खोकला किंवा हाताला चिघळलेली जखम असेल तिला अन्नापाशी उभी करू नकोस, अन्नसुरक्षेचा नियमही तेच सांगतो. आणि त्या दिवसाचे तिचे पैसे बुडवू नकोस, बाहेर पानं मोजायला बसव. पैसे बुडतील या भीतीनं बाई आजार लपवते, आणि मग मे महिन्याच्या उन्हात पाचशे माणसांचं जेवण धोक्यात येतं.

आता पैशाचं. यात मी तुला अजिबात सूट देणार नाही. पैसे त्याच रात्री, मोजून, हातात. "यजमानाकडून आले की देते" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. विसार घेतेस ना? त्यातून मजुरी आधीच बाजूला काढून ठेव. रोख मजुरीनं काय होतं ते लिज्जतकडं बघ. मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथली रीत अशी की पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणायचे, ते तपासून घ्यायचे आणि लाटणावळ हातात द्यायची. तपासणी कडक आणि पैसे रोखीचे, या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, म्हणून हजारो बाया त्यात टिकल्या. तूही रोज ठरवताना वावरातल्या रोजापेक्षा कमी देऊ नकोस, आणि बाप्याला जितके तितकेच बाईला. समान कामाला समान मजुरी हे कायद्यातच 1976 पासून आहे.

रात्री घरी पोचवायची सोय ठरल्याशिवाय काम घेऊच नकोस. गाडीचं भाडं बिलात लाव, यजमानाला आधी सांग. गाडीतून शेवटची उतरणारी बाई एकटी असेल तर तुझ्या घरचं कुणीतरी सोबत असू दे. आणि जानवशावर चहा-नाश्ता द्यायला एकट्या मुलीला कधी पाठवायचं नाही. दोघी जातील किंवा पोरगा जाईल. कुणी वेडंवाकडं बोललं तर तू मुलीच्या बाजूनं उभी राहा, यजमान कितीही मोठा असो. एक ऑर्डर गेली तर जाऊ दे. आईबरोबर आलेलं लेकरू ताटं उचलायला लागलं की लगेच थांबव. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे, "मदत करतोय" म्हणून गुन्हा टळत नाही. लेकराला जेवू घाल आणि एका कोपऱ्यात बसव.

तेल-वाफेचं काम आहे, तर पाण्याचा वेगळा ड्रम भरून ठेव. भाजलं तर वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहायचं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. आणि तुझ्या कायमच्या बायांची बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना काढून दे. वर्षाला वीस रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाखांचं संरक्षण आहे. 18 ते 70 वयाच्या, बँकेत खातं असलेल्या कुणालाही घेता येते.

राहिलं ऐन वेळी न येण्याचं. ते होणारच, लेकरं आजारी पडतात, पाहुणे येतात. दोन बाया जास्तीच्या सांग आणि त्यांना पूर्ण रोज दे, तो खर्च धर. जी सकाळीच फोन करून "येत नाही" सांगते तिच्यावर ओरडू नकोस, उलट "बरं झालं वेळेत सांगितलंस" म्हण. ओरडलीस तर पुढच्या वेळी ती फोन बंद ठेवेल.

घाबरू नकोस गं. वीस माणसांची फौज तुला एकदम लागत नाही. सहा जणी पक्क्या कर, त्याच आपल्या जावा-बहिणींना घेऊन येतील. या आठवड्यात एका गटाच्या बैठकीला जाऊन ये, आणि दोन्ही याद्या वहीत लिहून मला दाखव.